आधी पाणी, मग विचारपूस



मैदानात पडलेल्या मुलाचे पहिले वाक्य काय असते, असे कोणी विचारले तर आम्हाला उत्तर देताना थोडे अवघडल्यासारखे होते. गुडघा सोललेला असतो, रक्त येत असते, डोळे भरलेले असतात आणि मूल म्हणते, "मॅडम, घरी नका सांगू हं. मम्मी रागवेल."

हे वाक्य आम्ही इतक्या वर्षांत इतक्या मुलांच्या तोंडून ऐकले आहे की, त्यावर कधीतरी लिहिलेच पाहिजे असे वाटत होते. जुन्या इंदूरच्या वाड्यात वाढणारी मुले हे म्हणतात, नव्या कॉलनीतल्या फ्लॅटमधली मुलेही म्हणतात. चांगल्या, प्रेमळ घरांतली मुले म्हणतात. ज्यांच्या आई-वडिलांना आम्ही ओळखतो, ज्यांनी मुलांवर कधी हात उगारला नसेल अशी आमची खात्री आहे, त्यांचीही मुले म्हणतात. आता उन्हाळ्याची सुट्टी येते आहे. मुले दिवसभर घरी, गच्चीवर, आजोळी असतील. पडणे, भाजणे, कापणे हे होणारच. म्हणून या अंकात गृहपाठाऐवजी याच विषयावर पालकांशी बोलावे असे ठरवले.

मागे एकदा तिसरीतल्या एका मुलाच्या पोटरीवर ओरखडा दिसला. वर्गशिक्षिकेने विचारले, तर तो म्हणाला, "कुंपणाची तार लागली." तीन दिवसांनी डब्याच्या सुट्टीत त्याच्या मित्राने खरी गोष्ट सांगितली. गल्लीतल्या कुत्र्याला पोळी घालताना त्याचा दात लागला होता. कुत्र्यांजवळ जायचे नाही, असे घरी बजावलेले होते. म्हणून मुलाने हळूच नळाखाली पाय धुतला, मोजा वर ओढला आणि गप्प बसला. आम्ही लगेच वडिलांना बोलावले. ते त्याला तसेच दवाखान्यात घेऊन गेले आणि लस सुरू झाली. मुलगा आज मजेत आहे. पण त्या तीन दिवसांचा विचार आला की, अजूनही आमच्या पोटात गोळा येतो.

कारण रेबीज हा असा रोग आहे की, एकदा लक्षणे दिसू लागली म्हणजे रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि लक्षणांच्या आधी उपाय झाला, तर तो जवळजवळ नेहमीच टळतो. उपायही अवघड नाही. कुत्रा किंवा मांजर चावले, दात लागला, नखाने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवायची, त्यावर तिखट, चुना, हळद असे काही लावायचे नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. लस सरकारी रुग्णालयांत मिळते. आपल्याकडे ती साधारणपणे पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. जखम खोल असेल, तर तिच्याभोवती आणखी एक औषध द्यावे लागते, ते डॉक्टर ठरवतात. दिवस उलटून गेले असतील तरी जायचेच. हे सगळे उपलब्ध आहे. फक्त मुलाने सांगितले पाहिजे.

आणि मूल सांगेल की नाही, हे कुत्रा चावला त्या दिवशी ठरत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. कप फुटला त्या दिवशी, दूध सांडले त्या दिवशी, नव्या फ्रॉकवर शाईचा डाग पडला त्या दिवशी. दोन रुपयांच्या वस्तूसाठी ज्याला पाठीत धपाटा मिळाला, त्याने मोठ्या गोष्टीत तोंड उघडावे ही अपेक्षा कशी करायची? लहान गोष्टींत आपण त्याला जे शिकवतो, तेच तो मोठ्या गोष्टीत वापरतो. आमचे म्हणणे एवढेच आहे.

आम्ही पालकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मूल पडले की आईच्या काळजात धस्स होते आणि त्या धास्तीतूनच "शंभरदा सांगितलं होतं ना!" हे वाक्य बाहेर पडते. आणखीही एक कारण आहे. आपल्या घरांत मुलाला लागले की, पहिला प्रश्न बहुधा आईलाच विचारला जातो, "तुझं लक्ष कुठे होतं?" तो कधी सासूबाई विचारतात, कधी ऑफिसातून आलेले वडील विचारतात. मग तीच आई मुलाच्या कानात सांगते, "बाबांना सांगू नकोस हं." लपवण्याचा पहिला धडा मूल तिथेच गिरवते. म्हणून ही गोष्ट एकट्या आईने सुधारायची नाही, सगळ्या घराने सुधारायची आहे.

ओरडण्यात दुसरे नुकसान वेळेचे होते. पहिली काही मिनिटे मोलाची असतात आणि ती चौकशीत जातात.

भाजण्याचेच घ्या. गरम चहा अंगावर सांडला, तव्याला हात लागला, तर कातडीतली उष्णता आत उतरत राहते. ती काढून घेण्याचे काम साधे पाणी करते. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बांगडी, अंगठी, दोरा सूज येण्याआधी काढावा. बर्फ लावू नये, त्याने कातडीला आणखी इजा होते. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. यांनी उष्णता आत कोंडली जाते आणि पुढे डॉक्टरांना तो थर खरवडून काढावा लागतो, त्या वेळी मुलाचे हाल होतात. फोड फोडू नयेत, स्वच्छ ओल्या कापडाने सैलसर झाकावे. चेहरा, हात, सांधा किंवा जांघेचा भाग भाजला असेल, किंवा मुलाच्या स्वतःच्या तळहाताएवढी जागा भाजली असेल, तर डॉक्टरांना दाखवावेच. आजी म्हणतील, "आम्ही तर आयुष्यभर हळदच लावली." आजींचा मान ठेवून आम्ही म्हणू, हळदीचे दूध जरूर द्या, पण भाजल्यावर पाणीच.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो. लगेच मान मागे करून डोक्यावर पाणी थापतात आणि कांदा हुंगायला देतात. मान मागे केली की रक्त घशात उतरते आणि उलटी होते. मुलाला बसवावे, थोडे पुढे वाकवावे, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत १० मिनिटे घट्ट धरावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. मध्ये मध्ये सोडून पाहू नये. दोनदा असे करूनही थांबले नाही, तर दवाखाना गाठावा.

डोक्याला टेंगूळ आले, तर गार पाण्याची पट्टी ठेवून एक दिवस नीट लक्ष ठेवावे. पुन्हा पुन्हा उलट्या, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, झटके, बेशुद्धी, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त, यांतले काही दिसले तर थांबू नये. पक्का दात मुळासकट पडला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे न्यावा. पुष्कळदा तो परत बसवता येतो. दुधाच्या दातासाठी ही धावपळ नको.

लहान मुले नाणी गिळतात हे आपल्याला माहीत आहे. खेळण्यांत, रिमोटमध्ये, घड्याळात असणारा बटणासारखा चपटा सेल त्याहून फार वाईट. तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजू शकतो. त्यामुळे "बघू उद्या शौचावाटे पडतो का" असे म्हणत बसू नये. उलटी करवू नये, तोंडात बोटे घालू नयेत, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. फिनाईल, रॉकेल, ॲसिड प्यायले असेल, तरी उलटी करवू नये आणि ती बाटली बरोबर न्यावी. आणि मुळात असल्या वस्तू सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नयेत, कारण मूल बाटली ओळखते, आतले द्रव्य नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा, मुलांनाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, काय झाले, कधी झाले, किती उंचीवरून पडला, काय गिळले. याचे खरे उत्तर बहुतेक वेळा फक्त मुलाजवळ असते. भेदरलेले मूल चुकीचे सांगते. संक्रांतीला बोट कापलेला मुलगा "ब्लेड लागलं" म्हणतो, कारण हातात नायलॉनचा मांजा होता. त्या मांजावर राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, हे त्याला ठाऊक असते. आधी बोट, मग बंदी. हा क्रम मोठ्यांनी सांभाळायला हवा.

यावर काही पालक आम्हाला विचारतील, "मग रागवायचंच नाही का? मुलं लाडावतील." प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, रागवा, पण नंतर आणि चुकीवर रागवा. दूध सांडणे हा अपघात आहे, गॅसजवळ पकडापकडी खेळणे ही चूक आहे. दोन्हींसाठी एकच आवाज वापरला, तर मुलाला त्यातला फरक कळत नाही. दूध सांडले तर हातात फडके द्या आणि त्याच्याकडूनच पुसून घ्या. त्यात शिस्तही आली आणि अपमानही झाला नाही. चूक असेल, तर संध्याकाळी, मलमपट्टी झाल्यावर, शेजारी बसवून विचारा. आणि त्याने आपणहून सांगितले असेल, तर सुरुवात "सांगितलंस ते बरं केलंस" इथून करा. मग जे रागवायचे ते रागवा. ते त्याच्या लक्षातही राहील.

दुसऱ्याला सांगताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मैदानात मूल पडले की, आम्ही शिक्षकही कित्येकदा आधी "कोणी ढकललं?" हेच विचारत आलो आहोत. त्यामुळे पडलेले मूल बाजूला राहते आणि दोन साक्षीदारांचे भांडण सुरू होते. नव्या सत्रापासून आम्ही एक साधा नियम करत आहोत. आधी उपचार, मग पालकांना फोन, मग चौकशी. फोनवर "तुमच्या मुलाने असं केलं" असे वाक्य येणार नाही, "तुमच्या मुलाला असं लागलं आहे, आम्ही हे केलं आहे" एवढेच येईल. पालकांनीही तो फोन तक्रार समजू नये.

विश्वस्त मंडळींना आमची दोन गोष्टींची विनंती आहे. प्रत्येक मजल्यावर प्रथमोपचाराची पेटी असावी आणि ती कुलुपात नसावी. वर्षातून एकदा शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी आणि शिपाई या सर्वांना अर्ध्या दिवसाचे प्रथमोपचार प्रशिक्षण मिळावे. त्याच दिवशी आजी-आजोबांनाही बोलवावे, कारण आई-वडील कामावर गेले की घरातली मुले त्यांच्याच भरवशावर असतात. खर्च फार नाही. गरज मात्र रोजची आहे.

आणि आता आमच्या विद्यार्थी मित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. लागले, भाजले, चावले, काही गिळले गेले, तर त्याच क्षणी जवळच्या मोठ्या माणसाला सांगा. मित्राला लागले असेल आणि तो सांगत नसेल, तर तुम्ही सांगा. त्याला चुगली म्हणत नाहीत. त्या तिसरीतल्या मुलाच्या मित्राने तोंड उघडले नसते, तर पुढे काय झाले असते याचा विचारही आम्हाला करवत नाही. रागावणे पाच मिनिटांचे असते, ते सोसता येते.

पालकहो, सुट्टीत मुले पडतील, खरचटून घेतील. तसे झाले की, एक दीर्घ श्वास घ्या, मुलाला नळाजवळ न्या आणि आधी पाणी सोडा. प्रश्न नंतर विचारता येतील. जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा मैदानात पडलेले एखादे मूल आम्हाला म्हणाले, "मॅडम, मम्मीला फोन करा ना," तर आम्ही समजू की, आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी चांगले केले.

सर्वांना सुट्टीच्या मनापासून शुभेच्छा.

आपल्या शाळेच्या प्राचार्या