तेलाची श्रीमंती आणि विश्वासाची पुंजी

राष्ट्राची आर्थिक शक्ती कशाने मोजावी? भूगर्भातील संपत्तीने, की माणसामाणसांतील विश्वासाने? या प्रश्नाचा विचार करायला लावणारा एक छोटा देश कॅरिबियन समुद्रात आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगो हे त्याचे नाव. लोकसंख्या सुमारे १४ लाख आणि त्यातील एक तृतीयांशाहून अधिक लोक भारतीय वंशाचे. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर घेऊन तेथे पोहोचले. मजुरांची ही वाहतूक १९१७ पर्यंत चालू होती.

निसर्गाने या देशाला मुक्तहस्ते दिले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे तेल निघते, १९९९ पासून द्रवरूप नैसर्गिक वायूची निर्यात होते. पण ही लक्ष्मी चंचल निघाली. १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले तेव्हा सुबत्ता आली. पुढच्या दशकात ते कोसळले आणि शासनाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी जावे लागले. २००३ मध्ये ‘कॅरोनी’ या सरकारी साखर कंपनीने हजारो कामगारांना निरोप दिला. ज्या उसासाठी आजे-पणजे सातासमुद्रापार नेले गेले, त्याच उसाने नातवंडांची साथ सोडली. २०१८ मध्ये पॉइंट-आ-पिएर येथील तेलशुद्धीकरण कारखान्यालाही टाळे लागले.

अशा चढउतारांत सामान्य कुटुंबाला हात देणारी एक जुनी रीत तेथे टिकून आहे. तिचे नाव ‘सुसु’. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजाच्या ‘एसुसु’ प्रथेचे हे रूप. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांना सोबत सामान नेता आले नाही. रीत मात्र त्यांच्याबरोबर गेली. पुढे भारतीय वंशाच्या कुटुंबांनीही ती आपलीशी केली.

आपल्या माताभगिनींना ही भिशीच वाटेल आणि ते खरेच आहे. समजा, दहा जणांनी दर आठवड्याला ५०० डॉलर काढले, तर प्रत्येक आठवड्याला एकाच्या हाती ५,००० पडतात. दहा आठवड्यांत फेरी पूर्ण. पहिल्यासाठी ते बिनव्याजी कर्ज, शेवटच्यासाठी बचत. ना कागद, ना तारण. घराचे छप्पर, मुलांची फी, छोट्या दुकानाचे भांडवल असे कितीतरी खर्च यातून भागतात. तेलाच्या पैशातून बचत व्हावी म्हणून शासनाला २००७ मध्ये निधीचा कायदा करावा लागला. समाजाजवळ ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या होती.

मात्र जिथे विश्वास असतो, तिथेच त्याचा सौदा करणारेही येतात. २०२० मध्ये ‘सुसु’च्याच नावाखाली, भरलेल्या पैशाच्या कित्येक पट देऊ करणाऱ्या योजनांचे पेव फुटले. ला हॉर्केटा येथे पोलिसांनी एका घरातून सुमारे २ कोटी २० लाख त्रिनिदादी डॉलरांची रोकड ताब्यात घेतली. ती लगेच परत दिली गेल्याने मोठा गदारोळ उठला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खऱ्या भिशीत कोणालाही भरल्यापेक्षा अधिक मिळत नाही. जिथे अधिक मिळते, तिथे ते मागून येणाऱ्याच्या खिशातून आलेले असते आणि मागून येणारे संपले की मनोरा कोसळतो. खऱ्या भिशीतला प्रत्येक जण दुसऱ्याला ओळखतो. त्या मनोऱ्यात कोणी कोणाला ओळखत नाही. बुडतात ते पैसे तर खरेच, पण त्याबरोबर शेजाऱ्यावरचा भरवसाही बुडतो, आणि तो कोणतेही न्यायालय वसूल करून देऊ शकत नाही.

म्हणून अशा फसवणुकीवर शासनाने कठोर व्हावे, पण त्या धाकाने गरिबाची प्रामाणिक भिशी चिरडू नये. राखण करायची ती समाजानेच. भिशीत पैसे घालण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : बाकीचे सभासद कोण? आणि भरल्यापेक्षा जास्त मिळणार असेल, तर ते कोणाचे? त्रिनिदादने या प्रश्नांची किंमत मोजली आहे. आपल्याकडेही गल्लोगल्ली भिशी चालते. ते प्रश्न आपल्याला फुकट विचारता येतील.