अडीचशे मीटर



आमच्या वस्तीसमोरचा बसथांबा हलवला. सकाळी पहिल्या गाडीला गेलेल्या बाया पाहतात तो खांब नाही, पत्र्याचा निवारा नाही, फुटपाथवर नुसते चार खड्डे. थांबा नाल्यावरच्या पुलापलीकडे पेट्रोल पंपासमोर गेला, हे एका रिक्षावाल्याने सांगितले. आधी नोटीस नाही, पाटी नाही, कुणाला विचारणे तर दूरच. चौकशीला गेलेल्या मंडळींना उत्तर मिळाले, "अहो, अडीचशे मीटर तर पुढे नेलाय. त्यात एवढा गहजब कशाला?"

अडीचशे मीटर! हा आकडा नकाशावर पट्टी ठेवून काढलेला असणार. पायाने काढला असता तर तो वेगळा आला असता. पुलावर फुटपाथ नाही. चालणाऱ्याने कठड्याला अंग घासत जायचे आणि मागून डंपर येतो की काय ते कानाने ओळखायचे. पूल संपला की रस्ता दोनदा ओलांडायचा, तिथे ना पट्टे ना सिग्नल. पुढच्या रस्त्यावर रात्री ट्रक उभे असतात, दिव्याचे दोन खांब आहेत ते बंद. हे अंतर कोण चालतो हेही पाहिले पाहिजे.

पहाटेच्या पहिल्या गाडीला आमचे सफाई कामगार असतात. हजेरी चौकीवर वेळेत पोचले नाही तर खाडा. त्यांच्यामागून धुणीभांडी करणाऱ्या मावश्या. पहिल्या घरची बाई ऑफिसला निघायच्या आत भांडी झाली पाहिजेत, नाहीतर चारही घरांचे गणित बिघडते. मग शाळेची पोरे. नऊच्या सुमारास म्हातारी माणसे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने केसपेपर, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात निघालेली. केसपेपरची खिडकी बंद झाली की तो दिवस फुकट. रात्री उशिरा परतणाऱ्यांत रुग्णालयातल्या आया आणि क्लासहून येणाऱ्या मुली. आमच्या शेजारच्या एका आजीला गुडघ्यांमुळे पूल ओलांडायला दोनदा थांबावे लागते. ती म्हणते, "बस सुटली तर दुसरी येते रे बाबा, पण त्या पुलावर पाय सुटला तर?" तिच्या एकटीचा हा प्रश्न नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बसथांब्यावर दिव्यांगांसाठी सोयी असल्या पाहिजेत असे सांगितले आहे. थांब्यावर सोय आहे, पण थांब्यापर्यंत पोचताच येत नाही, याला काय म्हणायचे?

वस्तीतल्या काही तरुणांनी मात्र वेगळाच सूर लावला. आपली माणसे चळवळीसाठी मैलोन् मैल चालली, आता अडीचशे मीटरला रडता? त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, १९७९ च्या लाँग मार्चमध्ये नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने जी माणसे निघाली त्यांनी चालायचे स्वतः ठरवले होते. ती चालायला भीत नव्हती, आजही भीत नाहीत. इथे दुसऱ्या कुणीतरी ठरवले की यांनी चालायचे, आणि तेही न सांगता. दोन्ही चालणी एका मापाने मोजू नका.

आता दुसरी बाजूही पाहू. जुना थांबा चौकाच्या अगदी तोंडाशी, सिग्नलच्या अलीकडे होता. बस उभी राहिली की डावीकडे वळणाऱ्या गाड्या अडायच्या, दुचाकीवाले बस आणि फुटपाथ यांच्या फटीतून घुसायचे, आणि उतरणारे पोर नेमके त्याच फटीत पाय टाकायचे. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. भर म्हणून थांब्याच्या पुढ्यात शेअर रिक्षा आणि वडापावची गाडी. रिक्षा आपल्याच पोरांच्या, गाडीही आपल्याच माणसाची, म्हणून ते सांगायचे नाही असे होत नाही. वाहतुकीचे कारण खोटे नाही. पण ते अर्धे आहे. थांबा चौकाच्या तोंडावरून काढायचा तर चौक ओलांडून पन्नास पावलांवर, विहाराच्या कुंपणालगत, जागा होती आणि आहे. तिथे न नेता नाल्यापलीकडे का नेला?

वस्तीत जो तो सांगतो की जुन्या थांब्यामागे नवा टॉवर उभा राहिला, त्याच्या फाटकापुढे बसची रांग नको म्हणून हे झाले. असेलही. पण लेखी कारण हातात नसताना असे बोलत सुटणे म्हणजे चावडीवरची कुजबुज, आणि कुजबुजीला कुठलेही खाते जुमानत नाही. कारण मागण्याचा आपल्याला हक्क आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे की, प्रशासकीय निर्णयाची झळ ज्यांना पोचते त्यांना त्या निर्णयाची कारणे कळवली पाहिजेत. लोकांना विचारता येत नाही, ही सबबही चालणार नाही. मुंबईत परळ आणि प्रभादेवीला जोडणारा जुना पूल १२ सप्टेंबर २०२५ पासून वाहतुकीला बंद झाला, त्याआधी एप्रिलमध्येच वाहतूक पोलिसांनी नागरिकांच्या सूचना आणि हरकती मागवल्या होत्या. पुलासाठी विचारता येते तर थांब्यासाठी का नाही?

आणखी एक दुखणे आहे, आणि माझ्या मते ते पायांच्या दुखण्याहून कमी नाही. जुन्या थांब्याच्या पाटीवर 'बुद्धविहार' असे नाव होते. नव्या पाटीवर 'पेट्रोल पंप' आहे. याच वस्तीला पूर्वी कंडक्टर ज्या नावाने पुकारीत ते इथे लिहिण्याची गरज नाही, जुन्या वाचकांना ठाऊक आहे. त्यानंतर पाटी लागली आणि भरल्या गाडीत कंडक्टर ओरडू लागला, "चला, बुद्धविहारवाले पुढे या!" माना ताठ ठेवून माणसे उतरू लागली. मंगल परिणयाच्या पत्रिकांवर तोच पत्ता छापला जातो, पोरांच्या नोकरीच्या अर्जावर खूण म्हणून तोच लिहिला जातो. नावात काय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा इतिहास काढून पाहावा. १९७८ मध्ये विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात किती घरे जळाली, किती रक्त सांडले! थांब्याची पाटी त्या मानाने लहान गोष्ट आहे, पण त्याच जातीची आहे.

वाहन आणि माणूस यांचे नाते आपल्या समाजाला नवे नाही. १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले तेव्हा त्यांना वस्तीवर न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. आपल्याच लोकांनी टांगा भाड्याने आणला आणि हाकण्याची सवय नसलेला आपलाच एक माणूस हाकायला बसला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. बॅरिस्टर झालेला माणूस, सरकारी समितीचा सभासद, पण साधा टांगा मिळाला नाही. सार्वजनिक बसचे मोल म्हणून आपल्याला अधिक कळते. तिकीट काढले की शेजारी कोण बसले हे विचारायचे नाही, अशी ती जागा आहे. ती वस्तीच्या दारापासून दूर गेली की ज्याच्या खिशात आहे तो रिक्षा करतो, आणि ज्याच्या खिशात नाही तो आजीसारखा पुलावर थांबतो.

मोर्चा काढावा असा काहींचा आग्रह आहे. काढू, पण आधी कागद. आपली मागणी जुना थांबा जसाच्या तसा परत द्या अशी असू नये, कारण चौकाच्या तोंडावरचा धोका दाखवून ती एका वाक्यात फेटाळली जाईल. चौक ओलांडून विहाराजवळ थांबा, समोर पादचारी पट्टे, आणि पाटीवर जुनेच नाव, इतके मागावे. परिवहन विभाग, वाहतूक पोलीस आणि महापालिका या तिन्हीकडे एकाच दिवशी अर्ज द्यावा. एकाकडेच दिला तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा करायचा. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही नाही. मजकूर दीडशे शब्दांत आणि विषय एकच. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे.

अभ्यासिकेतली मुले या आठवड्यात पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते अकरा वह्या घेऊन नव्या थांब्यावर उभी राहत आहेत. किती माणसे पूल ओलांडून आली, त्यांत साठीच्या पुढची किती, शाळेची मुले किती, कडेवर पोर असलेल्या बाया किती, असे रकाने आखले आहेत. महिला मंडळाने त्यांच्या चहाची सोय केली आहे. वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला पुलापलीकडच्या बायाही येतात, पावसात त्या पुलावर पाणी साचते, म्हणून त्याच्या आत निकाल लागावा अशी सर्वांची घाई आहे.

रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बैठक आहे. ज्यांचा खाडा पडला त्यांनी हजेरीची तारीख लिहून आणावी, आणि ज्यांच्याकडे जुन्या पाटीचा फोटो असेल, लग्नाच्या वरातीतला का होईना, त्यांनी तो सोबत आणावा.