गुडघा सुजला, तर पाऊलही बघा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या कुस्त्या पाहायला कंधार तालुक्यातूनही माणसं लोटतात. तिथे, कबड्डीच्या मैदानावर किंवा दुचाकी घसरून गुडघा पिळवटला, की आपल्याकडे पहिला उपाय मालिशचा. म्हणूनच हा विषय मुद्दाम निवडला आहे.

गुडघ्याला चार मुख्य अस्थिबंध असतात. जबर मार लागून एकापेक्षा जास्त तुटले, तर गुडघा निखळून आपोआप जागेवर बसलेला असू शकतो. एक्स-रेत हाड शाबूत दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. धोका मात्र गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीला असतो. पाऊल गार वा फिकट पडलं, बधिर झालं, पावलावरची नाडी लागेना, तर इजा झाल्यापासून सहा तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू व्हायला हवा. नाहीतर पाय गमवावा लागू शकतो. अशा वेळी नांदेडच्या विष्णुपुरीतलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया होते असं जवळचं रुग्णालय गाठा.

रक्तपुरवठा ठीक असेल, तर डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पुढचा अस्थिबंध तपासतात, मग दोन्ही बाजूंना ताण देऊन बाजूचे बंध, एमआरआय त्यानंतर. फक्त पुढचा बंध नवा बसवला आणि बाहेरच्या बाजूची इजा तशीच राहिली, तर तो नवा बंधही ताणाने निकामी होऊ शकतो. म्हणून सगळी इजा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शोधलेली बरी. मैदानावर परतायला पुढे नऊ महिने ते वर्ष लागतं.

वस्तादांना आणि क्रीडाशिक्षकांना कळकळीची विनंती: सुजलेला गुडघा चोळू नका, ओढू नका. फळीचा आधार द्या, पाऊल तपासा आणि लगेच निघा.