सुश्रुताचा पुतळा आणि विटा भाजणारा माणूस

वैद्यकाच्या इतिहासावर आपल्याकडे कुणी बोलायला उभं राहिलं की पहिल्या पाच मिनिटांत सुश्रुत येतो. पडद्यावर त्याचं काल्पनिक चित्र झळकतं, टाळ्या पडतात आणि मग गाडी थेट आजच्या सुपरस्पेशालिटी रुग्णालयापाशी थांबते. मधली शतकं परकीय आक्रमणांच्या खात्यावर टाकली की काम झालं. २०१४ साली मुंबईत एका रुग्णालयाच्या उद्घाटनात तर गणपतीचं मस्तक हाच प्लास्टिक सर्जरीचा दाखला ठरला. त्यावर पुष्कळ हसून झालंय. माझी तक्रार हसणाऱ्यांबद्दलही आहे. दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर भांडतात : ग्रंथात होतं की नव्हतं? ज्यानं खरोखर नाक जोडलं, तो माणूस दोघांच्याही खिजगणतीत नाही.

ही गोष्ट पुण्याजवळची आहे. ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान १७९२च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर होता. नाव पारशी वाटलं तरी पत्र त्याला मराठा शेतकरी म्हणतं. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं.

कसं, तेही पत्रात आहे. मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेनं रेघ ओढली. तेवढी कातडी सोलली, पण दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली, कारण तिच्यातूनच त्या कातडीला रक्त मिळणार होतं. मग कातडी पिळून खाली वळवली, नाकाच्या जागी कापलेल्या खाचेत बसवली आणि वर काताचा लेप लावला. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवी जागा धरल्यावर, ती पट्टी कापली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज सर्जनांनी हे डोळ्यांनी पाहिलं. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी याच पद्धतीनं १८१४ साली शस्त्रक्रिया केली, १८१६ साली पुस्तक छापलं, आणि कपाळाच्या कातडीनं नाक बांधायची ही रीत युरोपभर ‘भारतीय पद्धत’ म्हणून पसरली.

पत्रात रुग्णाचं नाव आहे, पाहणाऱ्यांची नावं आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव नाही. तो विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता, एवढंच लिहिलंय. म्हणजे आपल्या भाषेत बहुधा कुंभार.

आता सुश्रुतसंहिता उघडा. तिच्यात नाक जोडायची रीत आहे, यात वाद नाही. झाडाच्या पानानं माप घ्यायचं आणि तेवढी कातडी गालावरून घ्यायची, असं ती सांगते. पुण्याच्या माणसानं ती कपाळावरून घेतली. म्हणजे जगभर गेलेली रीत पोथीतली जशीच्या तशी नव्हती. कुठल्या तरी काळात, कुठल्या तरी हातांनी ती बदलली. ते हात पोथी वाचणारे असण्याची शक्यता कमीच. आपण ज्या परंपरेचा अभिमान मिरवतो, ती निदान शेवटच्या टप्प्यात तरी ज्याला पाठशाळेत कुणी बसू दिलं नसतं अशा माणसानं जिवंत ठेवली होती.

‘नाव इंग्रजांनी लिहिलं नाही, आमचा काय दोष?’ असं कुणी म्हणेल. ठीक आहे. पण जात तर लिहिली आहे ना? मी ऐकलेल्या एकाही गौरवाच्या भाषणात ती आलेली नाही. सुश्रुत सांगायला सोयीचा आहे, कुंभार अडचणीचा. तो आला की पुढचा प्रश्न येतो : हे कौशल्य त्याच्याकडेच का राहिलं, वैद्यांकडे का नाही? रक्त-पू, प्रेत यांना हात लावणं ज्या समाजानं विटाळ ठरवलं, त्यात शस्त्र कुणाच्या हातात राहणार? सुश्रुत स्वतः प्रेत पाण्यात कुजवून शरीर थराथरानं पाहायला सांगतो, भोपळ्यावर छेद घ्यायचा सराव करायला लावतो. आणि मनुस्मृती चिकित्सकाच्या घरचं अन्नसुद्धा वर्ज्य मानते. या दोघांपैकी समाजानं कुणाचं ऐकलं, हे वेगळं सांगायला नको.

हा रोग एकट्या आपला नाही. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४६ साली दोन विभाग होते. वैद्यकाचे विद्यार्थी असलेल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी मेल्या. सुइणींच्या विभागात तीनपेक्षा कमी. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली कारण शोधलं : विद्यार्थी प्रेतं चिरून, हात नीट न धुता बाळंतिणी तपासत होते. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावताच मृत्यू झपाट्यानं घटले. तरी मान्यवर डॉक्टरांना ते पटायला कितीतरी वर्षं गेली. विद्वानाचा हात घाणेरडा असू शकतो, हे मान्य करणं जड जात होतं.

मी सुइणींची आरती ओवाळत नाही. आपल्याकडेही अस्वच्छ पात्यानं नाळ कापल्यामुळे किती बाळं धनुर्वातानं गेली असतील! हाताला ज्ञान लागतंच. पण ते ज्ञान हातापर्यंत पोचवायचं, तर आधी त्या हाताला माणूस मानावं लागतं. त्याला शिकवावं लागतं, वेतन द्यावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

आणि इथे हा इतिहास आजच्या दारात येऊन उभा राहतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि ‘आशा’ आल्या. आज देशात त्या सुमारे दहा लाख आहेत. गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, लसीकरणाच्या याद्या, क्षयरोग्याच्या गोळ्या, कोविडमध्ये दारोदार फिरणं, ही सगळी कामं त्यांची. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाचे संदेश पुढे ढकलले. सरकारच्या लेखी मात्र त्या कर्मचारी नाहीतच, ‘स्वयंसेविका’ आहेत. त्यांना मिळतो तो पगार नव्हे, कामागणिक मोबदला आणि मानधन. महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ आणि २०२३ साली संपावर जावं लागलं. मान देऊन धन टाळायचं, असा हा मानधन शब्दाचा खरा अर्थ.

आशा आणि तो कुंभार यांच्यात सव्वादोनशे वर्षं आहेत, वागणूक तीच आहे. काम हवं, कौतुकही करू, पण नोंदवहीत नाव नको. फरक एकच : कुंभाराचं नाव आता शोधून मिळणार नाही. आशांची नावं, पत्ते, बँक खाती सगळं सरकारकडे आहे. त्यांना कर्मचारी म्हणून हजेरीपटावर घ्यायला कुठलं संशोधन लागत नाही.

सुश्रुताचे पुतळे जरूर उभारा. पण वैद्यक महाविद्यालयाच्या आवारात पुतळा बसवताना त्याच्या चौथऱ्यावर पुण्याजवळच्या त्या विटा करणाऱ्याबद्दल चार ओळी कोरा. नाव नाही तर जात लिहा, काम लिहा. आणि अनावरणाच्या दिवशी बाहेर आशा घोषणा देत बसल्या असतील, तर भाषण आवरतं घेऊन आधी त्यांच्याशी बोला. आरोग्याचा इतिहास आत मंचावर जेवढा असेल, त्याहून अधिक तो त्या वेळी फाटकाबाहेर बसलेला असेल.