टोल माफ, तिकीट दुप्पट

दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन अशा मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी जाहीर झाली ती १४ ऑक्टोबर २०२४ रोजी. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. निकाल लागले, सरकार स्थिरावले आणि २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मे महिन्यात ‘बेस्ट’चे साध्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. नाक्यावर ४५ रुपये सहज देऊ शकणारा मोटारमालक सुटला आणि बसच्या दांड्याला लोंबकळणाऱ्याच्या खिशात हात गेला. जनमताचा आदर म्हणतात तो हाच असेल, तर ते मत नेमके कोणाचे, हे विचारायला हवे.

महाराष्ट्रातील जनता टोलच्या विरोधात आहे, हे सर्वच पक्षांचे लाडके गृहीतक. ते अर्धेच खरे आहे. कोल्हापूरचे आंदोलन आठवा. शहरांतर्गत रस्त्यांसाठी तीस वर्षे टोल भरायचा, तोही कामे अर्धवट आणि दर्जा वादग्रस्त असताना, हे त्या शहराला मान्य नव्हते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे गाव उभे राहिले, नाके पेटले आणि २०१५च्या अखेरीस सरकारला टोल गुंडाळावा लागला. तो राग दहा-वीस रुपयांवरचा नव्हता. आपल्याला न विचारता, न दाखवता करार झाला, हे त्याचे मूळ होते. याउलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून मोटारीला ३२० रुपये पडतात आणि लोक कुरकुरत का होईना, ते देतात. वाचलेला वेळ त्यांना दिसतो. मात्र या रस्त्याचा खर्च केव्हाच वसूल झाला, असा आक्षेप माहिती अधिकार कार्यकर्ते वर्षानुवर्षे घेत आहेत आणि वसुली २०४५पर्यंत चालणार आहे. नाक्यावर दरपत्रक ठळक असते. जमा किती झाले आणि फिटायचे किती राहिले, तेही तितक्याच ठळकपणे लिहायला काय हरकत आहे?

टोल निदान दिसतो तरी. इंधनावरचे अधिभार दिसतही नाहीत. २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये लावले गेले. दुष्काळ ओसरला तरी अधिभार हलला नाही. मुंबई, पुणे, नागपुरात घर घेणारा मुद्रांक शुल्कासोबत मेट्रोसाठी एक टक्का जादा भरतो, मग त्याच्या घराजवळ मेट्रो येवो वा न येवो. कधीकाळी मुंबई शहरातील वीजग्राहकांच्या बिलातून ‘बेस्ट’च्या बसची तूट भरून निघत असे. बससेवेला बाहेरून पैसा लागतोच, जगभर लागतो. त्यात गैर काही नाही. तो कोणी द्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

स्टॉकहोमने त्याचे उत्तर धीटपणे शोधले. शहराच्या मध्यभागात मोटार आणल्यास शुल्क, ही कल्पना तिथेही बहुसंख्यांना नकोशी होती. २००६ मध्ये जानेवारी ते जुलै असा सात महिन्यांचा प्रयोग झाला, जादा बस आधीच रस्त्यावर आणल्या गेल्या आणि शुल्कक्षेत्रात ये-जा करणारी वाहने सुमारे वीस टक्क्यांनी घटली. सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतले तेव्हा शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला. लंडनने तर २००३ मध्ये असे शुल्क लावताना उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन घालून घेतले. आधी सोय, मग शुल्क, सोबत हिशेब. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो, आणि हिशेब तर नसतोच.

मुंबईत मोटारींचा टोल पुन्हा लावण्याचे धाडस आज एकाही पक्षात नाही, हे आम्ही जाणतो. पण त्या माफीचा भार शेवटी तिजोरीवर, म्हणजे बसने जाणाऱ्यावरही पडतो, एवढे तरी मान्य करावे. येत्या अर्थसंकल्पात टोल, इंधन अधिभार, मोटार वाहन कर आणि मेट्रो अधिभार यांतून किती जमा झाले आणि ते कुठे गेले, याचे स्वतंत्र परिशिष्ट सरकारने विधिमंडळापुढे ठेवावे. ते येईपर्यंत एसटी आणि ‘बेस्ट’च्या भाडेवाढीची पुढची फाइल उघडू नये.