रक्ताचे नाते आणि संगोपनाचे नाते

दत्तक घेतलेल्या मुलावर पोटच्या मुलाइतकी माया जडते काय, हा प्रश्न आपल्या समाजात उघडपणे क्वचितच विचारला जातो. तो बहुधा कुजबुजीच्या रूपाने फिरत असतो. अपत्यहीन दांपत्य तो मनातल्या मनात स्वतःला विचारते, घरातील वडीलधारी माणसे तो त्या दांपत्याला विचारतात, आणि मूल घरात आल्यावर शेजारीपाजारी त्याचे उत्तर आपापल्या परीने ठरवून मोकळे होतात. चतुर्थीला मूळ घरी सारे कुटुंब जमते, माटोळीखाली मुलांचा गलबला चाललेला असतो, आणि त्यांतील एकाकडे पाहून कोणीतरी हलक्या आवाजात विचारते, ‘हे ते आणलेले ना?’ विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. तथापि ‘आणलेले’ या एका शब्दाने त्या मुलाला पंक्तीतून किती दूर सारले, याची त्याला कल्पनाही नसते.

दत्तकाची प्रथा आपल्याला नवी नाही. परंतु तिचा जुना हेतू वंश, पिंडदान आणि वतन यांच्याशी निगडित होता. १८५४ साली झाशीच्या दत्तकाला इंग्रजांनी मान्यता नाकारली, तेव्हा वाद होता तो गादीचा. १८७५ साली कवळाण्याच्या एका मुलाला बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले आणि त्यातून सयाजीराव महाराज लाभले. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगा कोल्हापूरला दत्तक गेला आणि त्यातून शाहू महाराज लाभले. या दत्तकविधानांनी समाजाचे कल्याणच झाले. पण मूल हवे होते ते घराण्याला वारस हवा म्हणून. साहजिकच मुलीला त्या विधानात सामान्यतः स्थान नव्हते. दत्तक घेतल्यावर औरस पुत्र जन्मला, तर जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे दत्तकाचा वाटा कमी होत असे. माया समान असावी अशी अपेक्षाच जेथे नव्हती, तेथे वाटा तरी समान कोठून असणार?

गोव्यातील कौटुंबिक कायद्याची परंपरा निराळी आहे. उर्वरित देशात मात्र १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हा भेद पुसून टाकला आणि मुलगी दत्तक घेण्याची वाटही मोकळी केली. पुढे बाल न्याय कायद्याने दत्तकाचा मार्ग सर्व धर्मीयांना खुला केला. आज लागू असलेल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार दत्तकाचा आदेश निघताच ते मूल सर्व अर्थांनी दत्तक मातापित्यांचे अपत्य ठरते. आज देशात दत्तक जाणाऱ्या मुलांत मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे, ही गोष्ट हेतू किती पालटला हेच सांगते. कायद्याने तुलना संपविली आहे. समाजाच्या मनातून ती गेलेली नाही, हीच खरी अडचण आहे.

माया ही रक्तातून वाहत येते, ही समजूत या तुलनेच्या मुळाशी आहे. ती अनुभवाच्या कसोटीला उतरत नाही. बाळंतिणीच्या खोलीत पहिल्याच क्षणी प्रत्येक मातेला वात्सल्याचे भरते येते असे नाही, हे कोणतीही जाणती सुईण किंवा डॉक्टर सांगू शकेल. पोटच्या मुलाची मायासुद्धा रात्रीच्या जागरणांतून, दुखण्याखुपण्यांतून आणि रोजच्या न्हाऊमाखूतून वाढत जाते. महाभारतकारांनी हे सत्य केव्हाच ओळखले होते. कुंती ही आपली जन्मदात्री, हे उद्योगपर्वात श्रीकृष्णाच्या मुखातून कळल्यावर आणि सिंहासन समोर असतानाही कर्ण राधेचा आणि अधिरथाचाच पुत्र राहिला. त्याने दिलेली कारणे मोठी बोलकी आहेत. आपल्याला पाहून राधेला पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले, अधिरथाने आपले संस्कार केले; हे नाते पृथ्वीच्या राज्यासाठी तोडता येणार नाही, असे तो सांगतो. वंशाचा दाखला तो देत नाही, संगोपनाचा देतो.

आधुनिक शास्त्रही याहून वेगळे सांगत नाही. वयाचे पहिले वर्ष पुरे होण्याआधी दत्तक गेलेल्या मुलांची आईबापांवरील ओढ इतर मुलांइतकीच दृढ असते, असे या विषयावरील अनेक अभ्यासांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित परीक्षणात दिसून आले. रुमेनियातील राजवट १९८९ साली कोसळल्यानंतर तेथील अनाथालयांतील मुले इंग्लंडमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुले बहुतांशी इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ त्या हलाखीच्या संस्थांत काढलेल्या मुलांपैकी अनेकांना पुढेही अडचणी जाणवत राहिल्या. परके रक्त हा येथे अडसर नव्हता. ज्या काळात मुलाला एका ठरावीक माणसाची कूस हवी असते, त्या काळात ती मिळाली नाही, हा खरा अडसर होता.

म्हणूनच कार्यालयांतील दिरंगाई ही केवळ कागदांची बाब समजता येणार नाही. दत्तकाचे आदेश देण्याचा अधिकार सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयांऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे आला, तो हा विलंब टाळण्याच्या उद्देशाने. एकीकडे तान्ह्या मुलासाठी हजारो दांपत्ये वर्षानुवर्षे रांगेत आहेत, आणि दुसरीकडे वयाने थोडी मोठी किंवा शरीराने अधू असलेली मुले संस्थांतच वाढत आहेत. फाईल टेबलावर पडून राहिलेला प्रत्येक महिना त्या मुलाच्या आयुष्यातून वजा होत असतो.

मोठ्या वयात आलेल्या मुलाची माया जडण्यास वेळ लागतो, हे मात्र स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पाच-सहा वर्षांचे मूल नव्या घरात येते तेव्हा ते अबोल राहते, अन्न लपवून ठेवते किंवा मुद्दाम खोड्या काढून आपल्याला येथूनही घालवितात काय, हे पाहते. अशा वेळी ‘शेवटी रक्त ते रक्तच’ असा शेरा मारणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात. पोटच्या मुलाने खोड्या केल्या तर तो त्याच्या वयाचा दोष, आणि दत्तक मुलाने केल्या तर त्याच्या रक्ताचा, हा कोणता न्याय? काही मुले संस्थेत परत पाठविली जातात, ही वस्तुस्थिती आहे. एकदा आईबाप गमावलेल्या मुलाला दुसऱ्यांदा ते गमवावे लागणे याहून क्रूर काही असू शकत नाही. दत्तकानंतर दोन वर्षे सहा-सहा महिन्यांनी घराची विचारपूस करण्याची तरतूद नियमांत आहे. ती तपासणीसारखी न राहता आधारासारखी झाली, तर अशी कितीतरी घरे सावरतील.

आणखी एक गोष्ट आम्हांस आवर्जून सांगावीशी वाटते. मुलाला दत्तकाची गोष्ट कळू द्यायची नाही, या काळजीने काही मातापिता गाव बदलतात, नातलग तोडतात. त्यांची भीती आम्ही समजू शकतो. पण गुपित ही पोकळ पायरी आहे, पाय केव्हा ना केव्हा तीवर पडतोच. शाळेच्या मैदानात किंवा लग्नाची बोलणी चालू असताना परक्याच्या तोंडून हे सत्य कळले, तर मुलाला धक्का बसतो तो जन्माचा नसतो. आईबाप आपल्याशी खोटे बोलले, याचा असतो. बाळकृष्ण देवकीचा आणि वाढला यशोदेकडे, ही कथा आपण मुलांना पाळण्यात असल्यापासून सांगतो. त्याच सहजतेने त्यांची स्वतःची कथाही लहानपणीच सांगता येईल. पुढे सज्ञान झाल्यावर त्याला आपल्या मुळाचा शोध घ्यावासा वाटला, तर कायद्याने तशी सोय ठेवली आहे. त्याने आईबापांनी व्यथित होण्याचे कारण नाही. मूळ शोधणारे मूल घर सोडून जात नसते.

उरला प्रश्न आपणा सर्वांचा. दत्तक मुलाला आईबाप मिळवून देणे हे कायद्याचे काम आहे. आजी-आजोबा, काका, मावशी आणि शेजार मिळवून देणे हे समाजाचे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याच्या सहीची आवश्यकता नाही. येत्या चतुर्थीला मूळ घरी पंगत बसेल, तेव्हा ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाला ‘आमचे’ एवढेच उत्तर पुरेसे व्हावे, आणि पुढे कोणी काही विचारू नये, इतकीच आमची अपेक्षा आहे.