अज्ञात गायकाची नाममुद्रा

संतकाव्याच्या अभ्यासकाला नाममुद्रेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. अभंगाच्या अखेरीस कवीने आपले नाव गुंफलेले असते, म्हणून हस्तलिखित बाडांतूनही कर्तृत्वाचा धागा हाती लागतो. तरीही नामदेव व विष्णुदास नामा यांच्या रचना एकमेकींत मिसळल्याच, आणि त्या वेगळ्या करण्यात संशोधकांना फार श्रम पडले. मुद्रा असताना ही गत. मग जिला मुद्राच नाही अशा गायनाचे काय?

बुलढाणा जिल्ह्यातील अभ्यासकापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. शेगाव हे गजानन महाराजांचे (समाधी १९१०) क्षेत्र. दासगणूंच्या २१ अध्यायी ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे पठण, महाराजांची पदे व आरत्या अनेक कंठांतून ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. एखादे गीत लोकप्रिय झाले की तेच दुसऱ्याकडून गाऊन घेऊन स्वस्त फीत काढावयाची, ही १९८० नंतरच्या भारतीय कॅसेट-व्यवसायाची रूढ रीत होती. अशा फितीच्या वेष्टनावर दैवताचे चित्र ठळक असे. पुनर्गायन करणाऱ्याचे नाव कित्येकदा नसे. या फिती आता संगणकीय संगीतसूचींत दाखल होतात, तेव्हा गायकाच्या रिकाम्या रकान्यात मूळ ख्यातनाम गायकाचे नाव घालण्याचा मोह होतो. हा मोह टाळलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

लेखनाधिकार कायद्यात २०१२ साली आलेले ३१-सी हे कलम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पुनर्गायनाच्या वेष्टनावर आधीच्या गायकाचे नाव वा चित्र छापण्यास ते मनाई करते, आणि हे पुनर्गायन आहे असे नमूद करावयास लावते. विक्रेत्याला जे वर्ज्य, ते सूचीकाराने सद्भावनेने करावे काय? त्याच दुरुस्तीतील ३८-बी कलमाने कलावंताचा आपल्या नावानिशी ओळखले जाण्याचा हक्कही सामान्यतः मान्य केला आहे.

भक्तिगीतात गायकाने नाव मागू नये, अनामिकता हीच त्याची सेवा, असा एक आक्षेप संभवतो. परंतु संतांनी स्वतः मुद्रा घातल्या, त्या अहंकारापोटी नव्हेत. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारीत. ती गायिकेची नाममुद्राच होती. फितीवरील गायकाने मात्र नाव स्वेच्छेने गाळले, असे मानण्यास आधार नाही. अनेकदा त्याला कोणी विचारलेच नसावे.

विचारले तर काय साधते, हे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनाने दाखविले आहे. लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहात ओवी परंपरेची असली तरी गाणारीचे नाव व गाव यांची नोंद आहे. रचना सामूहिक असली म्हणून गायन निनावी ठरत नाही, हा त्यातील धडा.

म्हणून सूचीकाराने तीन पथ्ये पाळावीत. रचना आणि ध्वनिमुद्रण यांची नोंद वेगळी करावी; ‘म्युझिकब्रेन्झ’सारख्या मुक्त सूचीत ही सोय आहेच. गायक ठाऊक नसल्यास ‘अज्ञात’ असेच लिहावे, पण सर्व अज्ञातांना एक व्यक्ती समजू नये. प्रत्येक फितीचा क्रमांक, कंपनी, वेष्टनावरील मजकूर आणि ती कोठे मिळाली हे स्वतंत्रपणे टिपावे. आणि कोणी आवाज ओळखला, तर नाव सांगणाऱ्याच्या साक्षीसह, ‘संभाव्य’ या शेऱ्याने द्यावे.

शेगाव, खामगाव, मेहकर, चिखली येथील महाविद्यालयांतील मराठी विभागांना हे काम विद्यार्थ्यांकडून सहज करविता येईल. भजनी मंडळांत त्या काळी साथ करणारी वडीलधारी मंडळी आढळतील. एखाद्या अनाम आवाजाचे नाव त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असेलही. ती विचारणा आजच व्हावयास हवी. हे साक्षीदार गेल्यावर ‘अज्ञात’ हा शेरा कायमचा होईल.